४२९४९६७२९७ : आपण भागून पाहिली का?



आज फक्त एका संख्येबद्दल लिहिणार आहे. ही पाहा:

४२९४९६७२९७

आधी ती मोठ्याने वाचा बरं. उजवीकडून स्वल्पविराम देत या: ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहून वाचायला सांगितली की निम्मी मुलं 'अब्ज'पाशीच अडखळतात. दुकानातल्या साध्या आठ अंकी कॅल्क्युलेटरवर तर ती मावतच नाही.

आता माझा प्रश्न. ही संख्या मूळ आहे की संयुक्त? मोबाइल बाजूला ठेवा आणि वर्गात सांगतो त्याच कसोट्या लावा. शेवटचा अंक ७, म्हणजे २ ने आणि ५ ने भाग जात नाही. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ ने नाही. ७ ने भागून पाहा, बाकी ५ उरते. ११ ने भागा, बाकी पुन्हा ५. १३ ने भागा, बाकी १०. एवढं झालं की आपला हात थांबतो आणि मन म्हणतं, असेल मूळच.

माझंही मन तसंच म्हणालं होतं. नुसतं म्हणालं असतं तर बिघडलं नसतं. मी ते मुलांना वहीत लिहून दिलं, त्यावर चाचणीत प्रश्न काढला आणि एका मुलाचा एक गुण कापला. त्या एका गुणाची ही गोष्ट आहे.

काही वर्षांपूर्वी आठवीला घातांक शिकवत होते. नेहमीची उदाहरणं संपली होती, तास संपायला वीस मिनिटं होती. मला एक गंमत आठवली, ती फळ्यावर लिहिली. २ चा पहिला घात घ्या, त्यात १ मिळवा. मग घातांक दुप्पट करत जा, १, २, ४, ८, १६, आणि दरवेळी १ मिळवा.

२ + १ = ३
४ + १ = ५
१६ + १ = १७
२५६ + १ = २५७
६५५३६ + १ = ६५५३७

३, ५, १७ मूळ आहेत हे मुलं लगेच म्हणाली. २५७ साठी १३ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात, कारण १७ चा वर्ग २८९ होतो. तेही पटकन झालं. ६५५३७ साठी मात्र २५६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायला हवं, आणि त्या आहेत ५४. मी त्या वर्गात वाटून टाकल्या, कुणाला एक, कुणाला दोन. सगळा वर्ग भागाकार करत बसला. "बाई, बाकी उरली!" "बाई, माझी पण उरली!" असा गलका. चोपन्नही भागाकारांत बाकी उरली. ६५५३७ मूळ ठरली. इतका जिवंत तास मला वर्षभरात मिळाला नव्हता.

त्या आनंदात मी म्हणाले, "म्हणजे नियम काय झाला? पुढची संख्यासुद्धा मूळच. लिहून घ्या." पुढची संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, आपली ही ४२९४९६७२९७. बेचाळीस मुलांनी लिहून घेतली. घंटा झाली.

पुढच्या घटक चाचणीत 'चूक की बरोबर' या प्रश्नात मी एक विधान घातलं: '२ चा ३२ वा घात अधिक १ ही मूळ संख्या आहे.' सगळ्यांनी 'बरोबर' लिहिलं. एका मुलाने लिहिलं, 'सांगता येत नाही. आपण ही भागून पाहिली नाही.'

मी शून्य दिला. चूक की बरोबर विचारलं होतं, 'सांगता येत नाही' हा पर्याय कुठे होता? पेपर वाटल्यावर तो टेबलापाशी आला. उद्धटपणा अजिबात नव्हता. म्हणाला, "बाई, बाकीच्या पाच आपण भागून पाहिल्या. ही कुठं पाहिली?"

मी म्हणाले, "पाच वेळा आलं ना? मग सहाव्यांदा का नाही येणार? उगाच फाटे फोडू नकोस."

तो जागेवर जाऊन बसला. मी पुढचा धडा सुरू केला. खरं सांगते, मला तेव्हा काही वाटलंसुद्धा नाही.

वाटलं ते पालक सभेत. त्याची आई शिवणकाम करते, काम अर्धं सोडून आली होती. सभा संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "बाई, हा आधी घरी आला की डोकं खायचा. हे असं का, ते तसं का. आता गप्प असतो. विचारलं तर म्हणतो, गणितात विचारायचं नसतं, लिहून घ्यायचं असतं."

मी हसून म्हणाले, "मोठा होतोय हो तो. समज येतेय." आणि घरी आले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. तरीही मी ते त्या चाचणीशी जोडलं नव्हतं.

मे महिन्याच्या सुट्टीत गणिताच्या इतिहासावरचं एक पुस्तक चाळत होते. एका पानावर ही दहा अंकी संख्या दिसली. ओळखीची वाटली. आणि तिच्यापुढे बरोबरचं चिन्ह होतं:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

पुस्तक मिटलं. स्वयंपाकघरात ओट्यापाशी पाठकोरा कागद घेऊन बसले आणि हाताने भागाकार केला. तुम्हीही करा, कारण हा भागाकार शिकवण्यासारखा आहे. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, उरले ४४८. ९ खाली घेतला, ४४८९. सात वेळा, ४४८७ गेले, उरले फक्त २. ६ खाली घेतला, २६, भाग जात नाही, शून्य. ७ खाली घेतला, २६७, तरी जात नाही, पुन्हा शून्य. इथेच आपली मुलं चुकतात, एक शून्य खाऊन टाकतात. २ खाली घेतला, २६७२, चार वेळा, उरले १०८. ९ खाली, १०८९, एकदा, उरले पुन्हा ४४८. शेवटचा ७ खाली घेतला, ४४८७. बरोबर सात वेळा. बाकी शून्य.

कढईत फोडणी करपायची वेळ आली होती. मी त्या शून्याकडे बघत बसले होते. तो मुलगा बरोबर होता.

मग सुट्टीभर या संख्येचाच पिच्छा पुरवला. जे हाती लागलं ते तुम्हाला सांगते.

माझ्यासारखी चूक करणारा माणूस फार मोठा होता. पिएर द फर्मा. फ्रान्समधल्या तुलूझचा, पेशाने कायद्यातला, गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. पण त्या छंदातून त्याने संख्या सिद्धांताचा पाया घातला. १६४० मध्ये त्याने पत्रांतून लिहिलं की या रांगेतल्या सगळ्याच संख्या मूळ असणार असं आपल्याला वाटतं. या संख्यांना आज 'फर्मा संख्या' म्हणतात.

एक गोष्ट वाचून मात्र मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. फर्माने त्याच पत्रात हेही लिहिलं होतं की याची नेमकी सिद्धता माझ्याकडे नाही. म्हणजे त्याने अंदाज हा अंदाज म्हणूनच मांडला होता. मी त्याचा नियम केला आणि गुणपत्रिकेत नेऊन बसवला.

पुढे जवळजवळ नव्वद वर्षं कुणी ही संख्या फोडली नाही. १७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला असलेल्या तरुण लिओनार्ड ऑयलरला पत्रात विचारलं, फर्माचं हे म्हणणं तुला ठाऊक आहे का? ऑयलरने आधी ते फारसं मनावर घेतलं नाही. पण विषय डोक्यात राहिला आणि १७३२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने दाखवून दिलं की पाचव्या पायरीनंतरची पहिलीच संख्या, म्हणजे ही ४२९४९६७२९७, ६४१ ने नि:शेष भागली जाते.

तुम्ही म्हणाल, एवढी मोठी संख्या त्या काळी हाताने तपासणार कशी? ती मूळ आहे असं सिद्ध करायला ६५५३६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागावं लागलं असतं, आणि त्या आहेत ६५४२. हे फार आहे, मान्य. पण ती संयुक्त आहे हे कळायला एवढे लागत नाहीत. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. म्हणजे २, ३, ५, ७ असं सरळ भागत गेलं तरी ११६ व्या भागाकाराला उत्तर मिळतं. माझ्या वर्गात ५४ भागाकार एका तासात झाले होते. मुलांना अजून दोन तास दिले असते, तर फर्माला जे सापडलं नाही ते आमच्या आठवीच्या वर्गाला सापडलं असतं! ही चुटपुट मला अजून आहे.

आणि ११६ भागाकारही करायची गरज नाही. ऑयलरने पुढे सिद्ध केलं की या संख्येला भाग जाणारी मूळ संख्या ६४ ने भागल्यावर बाकी १ उरणारीच असली पाहिजे. अशा संख्या ओळीने लिहा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ कोणत्या? १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचच उरल्या.

त्यातली २५७ ही आणखी एका कारणाने वगळता येते. आधीच्या पाच संख्यांचा गुणाकार करून पाहा: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. उत्तर येतं ४२९४९६७२९५. आपल्या संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी! म्हणजे त्या पाचांपैकी कुणीही आपल्या संख्येला भागलं, तर त्याला २ लाही भागावं लागेल, आणि ते शक्य नाही. राहिल्या चार. ६४१ चौथ्या भागाकारालाच सापडते. पूर्वी मला वाटायचं की मोठ्या गणितज्ञांना उत्तर एकदम सुचतं. ऑयलरने काय केलं हे पाहिल्यावर कळलं की कुठे शोधायचं नाही, हे त्याने आधी ठरवलं.

या गुणाकाराची आणखी एक गंमत. १७९६ मध्ये अवघ्या अठरा वर्षांच्या गाउसने शोधून काढलं की सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेली १७ बाजूंची आकृती फक्त पट्टी आणि कंपासने काढता येते. बाजूंची संख्या विषम असेल तर अशी आकृती केव्हा काढता येते? ती संख्या एखादी फर्मा मूळ संख्या असेल तेव्हा, किंवा वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असेल तेव्हा. त्यामुळे आज माहीत असलेली अशी सगळ्यात मोठी विषम संख्या आहे ४२९४९६७२९५, आपल्या संख्येची शेजारीण. फर्माचा अंदाज खरा असता, तर ४२९४९६७२९७ बाजूंची आकृतीही पट्टी-कंपासने काढता आली असती. काढायला बसलं कोण असतं, ते सोडा.

आता वर्गात करून दाखवण्यासारखी गोष्ट. दहा अंकी भागाकार न करताही ६४१ ने भाग जातो हे दाखवता येतं. २ चा १६ वा घात ६५५३६. त्याला ६४१ ने भागा, भागाकार १०२ आणि बाकी १५४. २ चा ३२ वा घात म्हणजे ६५५३६ चा वर्ग, म्हणून त्याची बाकी काढायला १५४ चा वर्ग पुरतो. १५४ × १५४ = २३७१६. त्यात आपला १ मिळवा, २३७१७. आणि ६४१ × ३७ किती? २३७१७! झालं. सातवी-आठवीचं मूल हे एका पानात करतं.

नववी-दहावीच्या मुलांना आणखी एक रीत दाखवा. ६४१ कडे नीट पाहा. ६४१ म्हणजे ६४० + १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. ६४१ म्हणजेच ६२५ + १६ सुद्धा, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केला की त्याला ६४० + १ ने भाग जातो, हे वर्गांच्या वजाबाकीच्या सूत्रावरून मुलांना कळतं. दुसरीकडे ६२५ + १६ ला २ च्या २८ व्या घाताने गुणलं तर त्यालाही ६४१ ने भाग जातो. ६२५ गुणिले २ चा २८ वा घात म्हणजेच ६४० चा चौथा घात. दोन्हींची वजाबाकी करा, तो भाग उडून जातो आणि उरतं काय? २ चा ३२ वा घात अधिक १. एकही मोठा गुणाकार नाही. मी हे पहिल्यांदा कागदावर उतरवलं तेव्हा नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं होतं. तो "हं" म्हणून पुन्हा झोपला. असो.

या संख्येचा अजून एक गुण सांगते. ती दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येते. एक रूप उघडच आहे: ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. पण दुसरंही आहे: ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग. पहिला ३८७६८०५६९६, दुसरा ४१८१६१६०१, बेरीज करून पाहा. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत लिहिता येत असेल तर ती एकाच प्रकारे लिहिता येते. इथे दोन प्रकार सापडले, म्हणजे ही मूळ नाही, मग तिचे अवयव आपल्याला माहीत असोत वा नसोत.

आणि या रांगेत पुढे काय झालं? त्यानंतरची संख्या वीस अंकी आहे, १८४४६७४४०७३७०९५५१६१७. तिचे अवयव १८८० मध्ये लाँद्री याने काढले: २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१. त्यापुढच्या रांगेतल्याही ज्या-ज्या संख्येचा आजवर निकाल लागला, ती प्रत्येक संयुक्त निघाली. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचांशिवाय सहावी मूळ फर्मा संख्या कुणालाही सापडलेली नाही. सहावी कधीच नसेल याची सिद्धताही कुणाकडे नाही. पाच वेळा साथ देणाऱ्या नियमाने सहाव्यांदा पाठ फिरवली आणि मग पुन्हा कधी तोंड दाखवलं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. तो मुलगा नववीत गेला होता, गणिताला आता दुसरे सर होते. मी त्यांच्याकडून अर्धा तास मागून घेतला. वर्गात जाऊन फळ्यावर ४२९४९६७२९७ लिहिलं आणि म्हणाले, "मागच्या वर्षी मी तुम्हाला ही मूळ आहे असं सांगितलं होतं. मी तपासलं नव्हतं. एकाने मला ते विचारलं होतं आणि मी त्याला गप्प बसवलं. माझं चुकलं." मग त्याला फळ्यापाशी बोलावलं, खडू दिला आणि ६४१ ने भागायला सांगितलं.

वर्ग एवढा शांत मी क्वचित पाहिला. दोन शून्यांपाशी तो थबकला, पण चुकला नाही. शेवटी बाकी शून्य आली तेव्हा मागून कुणीतरी टाळी वाजवली. मी त्याला म्हणाले, "तुझं बरोबर होतं बघ."

तो म्हणाला, "नाही बाई. मला तरी कुठं माहीत होतं ही संयुक्त आहे ते? आपण भागली नव्हती, एवढंच लिहिलेलं मी."

वाचकहो, हे वाक्य मी माझ्या टाचणवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. मी त्याला शाबासकी देतानाही त्याचं उत्तर नीट वाचलं नव्हतं. ते 'संयुक्त' नव्हतं, ते 'सांगता येत नाही' होतं, आणि त्या दिवशी त्या वर्गात तेच एकमेव खरं उत्तर होतं. माझ्या प्रश्नातच त्याला जागा नव्हती.

तेवढ्यात खिडकीकडच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग ह्याच्या पुढची?" मी उत्तर द्यायच्या आत तो मुलगा म्हणाला, "ती पण भागूनच बघायला लागेल." सर हसले, मीही हसले.

त्याचा तो एक गुण मात्र मला देता आला नाही. पेपर गेले होते, प्रगतिपुस्तकावर सह्या झाल्या होत्या, निकाल लागला होता. आईला मी जाऊन सांगितलं. मशीनवरचा हात न थांबवता ती म्हणाली, "गुणाचं राहू द्या बाई. परत डोकं खायला लागलाय, ते बरं झालं."

त्या वर्षापासून मी काही सवयी बदलल्या. तुम्हाला उपयोगी पडतील म्हणून सांगते.

'चूक की बरोबर' या प्रश्नात मी आता तिसरी जागा ठेवते: 'अजून सांगता येत नाही, कारण...' कारण लिहिलं तरच गुण. मुलं सुरुवातीला पळवाट म्हणून वापरतात, पण कारण लिहायची वेळ आली की आपोआप विचार करायला लागतात.

आकृतिबंध शिकवताना एक तरी फसवा आकृतिबंध मुद्दाम देते. वर्तुळावर बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाशी जोडायचा आणि वर्तुळाचे किती तुकडे झाले ते मोजायचे. एका बिंदूला १, दोनांना २, तिनांना ४, चारांना ८, पाचांना १६. सहा बिंदूंना किती? सगळा वर्ग ३२ म्हणून ओरडतो. मग काढून मोजायला लावा. तीन रेषा एकाच बिंदूत मिळणार नाहीत एवढी काळजी घ्यायची. तुकडे ३१ भरतात. मुलं तीन-तीनदा मोजतात, एकमेकांशी भांडतात. त्या दिवशी मला काही शिकवावं लागत नाही.

पालकांना एकच विनंती. मूल घरी येऊन म्हणालं, "बाईंनी सांगितलं म्हणून बरोबर," तर शांतपणे विचारा, "तुम्ही करून पाहिलं का?" आमचा मान त्यात कमी होत नाही. उलट, आमची एखादी चूक लवकर सापडते.

आणि आता तुम्हाला गृहपाठ. ४२९४९६७२९७ ला ६४१ ने भागल्यावर ६७००४१७ आले. ही मूळ आहे का? हिचं वर्गमूळ २५८८ आणि २५८९ च्या मध्ये आहे. वर सांगितलेल्या ६४ च्या युक्तीने, आणि आधीच निकालात निघालेल्या संख्या सोडून, फक्त सात मूळ संख्या तपासायच्या उरतात: ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३. ती मूळ आहे असं पुस्तकं सांगतात आणि मीही सांगते. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका. आज रात्री जेवणं झाली की मुलांना जवळ घ्या, एक पाठकोरा कागद काढा आणि सातही भागाकार करून पाहा.